वाऱ्यातली बोली

प्राप्तीने बाटली कानाशी धरली नाही. गळ्याखाली दोन हाडं जिथे भेटतात त्या खळग्यात टेकवली, डोळे मिटले आणि मग हलवली. स्वयंपाकघराच्या दाराशी बिरड्याचे वाल सोलत बसलेल्या मनुबाईचा हात परातीतच थांबला. बोटांत धरलेला वाल अर्धा सालीबाहेर आला होता, तो तसाच राहिला. हॉलमध्ये चटईवर तिची सून कल्पिता लेकीसमोर मांडी घालून बसली होती. रविवार होता, कल्पिताच्या ऑफिसला सुट्टी होती, आणि सुट्टीच्या दिवशी ती लेकीसाठी असलं काहीतरी मांडायचीच. आज औषधाच्या रिकाम्या बाटल्या होत्या, बाहेरून लाल कागद चिकटवलेल्या, म्हणजे आत काय आहे ते दिसू नये. एका जोडीत तांदूळ, एकीत राजमा, एकीत चिंचोके, एकीत रवा, एकीत शर्टाची बटणं. बाटल्या वाजवायच्या, आणि ज्यांचा आवाज सारखा त्यांच्या जोड्या लावायच्या. फोन टीव्हीच्या टेबलाला टेकवून शूटिंगला लावला होता. "ऐक हं बेटा, नीट ऐक," कल्पिता म्हणत होती, आणि पोर एकेक बाटली उचलून गळ्याच्या खळग्यात धरत होती, कपाळाला बारीक आठी पाडत होती, आणि जोडीशेजारी जोडी ठेवत होती. सगळ्या बरोबर. एकही चुकली नाही. कल्पिताने टाळ्या वाजवल्या, आतून अंथरुणातूनच हितेश ओरडला, "हुशार कोनाची? बापाची!" आणि कल्पिता म्हणाली, "बापाला तर आंघोळीची वेळ पण जुळवता येत नाही." सगळे हसले. आईचे दात दिसले म्हणून प्राप्तीही हसली. मनुबाई हसली नाही. ती पोरीच्या गळ्याखालच्या खळग्याकडे बघत राहिली.

मुलं काय, काहीही कुठेही धरतात, असं तिने स्वतःला सांगितलं आणि परात उचलून ती ओट्याशी गेली. वाल कुकरला लावायचे नव्हते, तरी तिने कुकरचं झाकण उचललं, क्षणभर हातात धरलं, आणि ओट्याच्या दगडावर सोडून दिलं. खणखणाट सगळ्या घरात फिरला. "आई, काय पडलं? लागलं नाही ना?" कल्पिता अर्धी उठली. हितेशने आतून शिवी हासडली. प्राप्ती पाठमोरी बसली होती. ती बाटलीवरचा सुटलेला कागद बोटाने सोलत होती, आणि तिचा वेणीचा शेपटा जागचा हललासुद्धा नाही.

पोर बोलत नाही, ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. पण ती सगळ्यांनी वाटून घेतली होती, म्हणून कुणाच्याच अंगावर पूर्ण येत नव्हती. चौथं लागलं तरी 'आ' आणि 'मम्'च्या पलीकडे गाडी गेली नव्हती. हितेशचं म्हणणं, मी पण उशिराच बोललो, आणि आता बघा, गॅरेजवाल्याला बोलून बोलून दमवतो. हे खरंही होतं. हितेश चार वर्षांचा होईपर्यंत गप्प होता आणि मग एकदम 'आये, भात दे' असं पूर्ण वाक्य बोलला होता. ही गोष्ट मनुबाईनेच शंभरदा सगळ्यांना सांगितली होती. शेजारणी म्हणत, फोन दाखवता ना, मग कशाला बोलेल पोरगी. कल्पिताच्या कुणा मैत्रिणीने सांगितलं, हाताने काम दिलं की तोंड सुटतं, म्हणून हे सगळं सुरू झालं होतं. ती फोनवर बायकांचे व्हिडिओ बघायची आणि दमून आल्यावरसुद्धा कात्री घेऊन बसायची. पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात लेस ओवायला द्यायची, वाटीतलं पाणी स्पंजाने दुसऱ्या वाटीत न्यायला लावायची. तांदळाला व्हिनेगर आणि खायचा रंग लावून वाळवायची. निळे, पिवळे, गुलाबी तांदूळ परातीत पसरायचे आणि त्यात पोरीने बोटं फिरवायची. पहिल्यांदा ते निळे तांदूळ पाहिले तेव्हा मनुबाईच्या अंगावर शहारा आला होता. मग एकदा ट्रेमध्ये मीठ पसरून त्यात बोटाने 'अ' काढायला बसवलं, तेव्हा मात्र तिच्याने राहवेना. "मीठ सांडायचं नसतं गो. सांडलं तर मेल्यावर पापन्यांनी येचाया लागतं."

"मेल्यावर ना, आई? मग आहे वेळ," कल्पिता म्हणाली होती, आणि दोघी हसल्या होत्या. सून वाईट नव्हती. संध्याकाळी आल्यावर पाय सुजलेले असायचे तिचे, कंटेनर यार्डाच्या ऑफिसात दिवसभर पायऱ्या चढाव्या लागत, तरी चटई अंथरायची. सगळं ती पोरीच्या जिभेसाठी करत होती.

त्या रविवारी दुपारी मात्र कल्पिता आणि हितेश आत झोपले होते, आणि मनुबाई हॉलमध्ये नातीच्या मागे उभी राहून तिच्या पाठीकडे बघत होती. "प्राप्ती," ती हळू म्हणाली. मग जरा मोठ्याने. मग सोसायटीच्या वॉचमनला हाक मारावी तशी. पोर गुलाबी तांदळाची ओंजळ भरून दुसऱ्या वाटीत ओतत होती. मनुबाईने पाय आपटला, तशी ती झटकन वळली आणि हसली. लादी थरथरली होती. आणि मग एखादी वीण एका टोकाला सुटली की ओढत जावी तसं मनुबाईला एकेक आठवू लागलं. ही पोर झोपेतून कधी कुकरच्या शिटीने दचकली नव्हती. दिवाळीत सगळी सोसायटी कानात बोटं घालून उभी असताना ही डोळे मोठे करून बघत राहिली होती आणि सगळे म्हणाले होते, शूर आहे. बापाचा ट्रेलर खाली आला की ही आधी धावते, कारण खिडकीची काच थरथरते. आणि सगळ्यांत जास्त आठवलं ते हे, की मनुबाईने तिला कधी पाठीमागून हाक मारलीच नव्हती. तिने हाक मारण्याआधी नेहमी खांद्याला हात लावला होता. तिने 'ये' म्हटलं होतं ते दोन्ही हात छातीशी ओढून. 'पाणी' म्हटलं होतं ते ओंजळ तोंडाकडे नेऊन. 'थांब' म्हणजे उभा तळवा, 'संपलं' म्हणजे कमरेशी उलटा हात झटकणं, 'नको' म्हणजे हनुवटीखालून बोटं उडवणं. तोंडही चालत होतंच, पण तोंड हातांच्या मागून चालत होतं. आणि पोर सगळं समजत होती. सगळं. म्हणूनच तर कुणाला संशय आला नाही. "आजीचा एक शब्द खाली पडू देत नाय," हितेश कौतुकाने सांगायचा.

हे हात तिचे एकटीचे नव्हते. ते आगरातून आले होते. उरणच्या खाडीकाठी तिच्या बापाने, अंबाजीने, दुसऱ्याच्या मिठागरात जन्म काढला, आणि मनुबाई चालायला लागली तेव्हापासून बांधावर होती. आगरात वारा असतो. पावसाळा संपल्यावर जमीन उघडी पडते, एक झाड नसतं, एक भिंत नसते, आणि समुद्राकडून येणारा वारा तोंडातला शब्द तोंडातच मोडून टाकतो. ओरडलं तर घसा मिठाने फाटतो आणि पलीकडच्या वाफ्यातल्या माणसाला नुसतं तोंड उघडलेलं दिसतं. म्हणून आगरातली माणसं हातांनी बोलत. दंताळ्याने मीठ ओढता ओढता मान वर करायची, लांब बांधावरचा माणूस कुणीकडे हात करतो ते पाहायचं, आणि पुन्हा खाली वाकायचं. पाणी सोड. पाणी तोड. भाकर आली. मालक आला. पोर रडतंय तुझं. बायका तर उखाळ्यापाखाळ्याही हातांनीच काढत. कुणाच्या नवऱ्याचं पोट सुटलं, कुणाची सासू दारात उभी राहते, सगळं हातांत होतं, आणि ते इतक्या लांबून लांबून बोलताना सगळं आगर खिदळायचं. संध्याकाळी घरी आल्यावरही ते हात थांबत नसत. लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली, मग आगरं बुजली, रस्ते आले, हितेशने ट्रेलर घेतला, ह्या सातव्या मजल्यावर ब्लॉक घेतला. आणि गंमत म्हणजे इथेही वारा होता. बाल्कनीचं दार उघडलं की खाडीवरून तो असा घुसायचा की हॉलमधलं स्वयंपाकघरात ऐकू येत नसे. प्राप्ती जन्मली, कल्पिता कामावर जाऊ लागली, आणि दिवसभर दोघीच घरात राहू लागल्या. मनुबाईचे हात आपोआप वर आले. तिला ते कळलंही नाही. कुणाला आपला श्वास कळतो?

पुढे बरेच दिवस ती कुणाला काही बोलली नाही. सकाळी कल्पिता डबा भरून गेली की ती पोरीच्या मागे फिरायची. कधी चमचा वाजवायची, कधी टाळी. टाळी जवळ वाजली तर हवा हलून पोर बघायची, आणि मनुबाईचा जीव वर यायचा. लांब वाजली तर बघायची नाही, आणि तो पुन्हा खाली जायचा. बोलून दाखवलं की ते खरं होईल अशी तिला भीती वाटत होती. आणि दुसरी एक भीती होती, ती मात्र जुनी होती. तिला ठमी आठवायची. ठमी तिची धाकटी बहीण, चांगल्या कानांची, चुरूचुरू बोलणारी. वैशाखातल्या एका उधाणाला भरती बांधावर चढली आणि बांध एका जागी बसला. बा वरच्या बांधावर होता. त्याने डोक्याचं फडकं सोडून हवेत फिरवलं, म्हणजे सगळं टाका आणि वर चढा. सगळ्यांनी पाहिलं, सगळे चढले. ठमीने पाहिलं नाही. ती मिठाच्या राशीमागे पाठमोरी वाकलेली होती. बा ओरडत होता, मनुबाई ओरडत होती, सगळं आगर ओरडत होतं, आणि वारा त्यांच्याकडून समुद्राकडे जायच्या ऐवजी समुद्राकडून त्यांच्या तोंडावर येत होता. तोंड इकडे असतं तर ती वाचली असती. हातांची बोली अशी असते, समोरचा वळला नाही तर ती आंधळी. आता खाली सोसायटीच्या फाटकाबाहेर दिवसभर कंटेनरचे ट्रेलर मागे घेतात, भोंगे वाजवतात, आणि पोर चेंडूमागे कधीतरी पाठमोरी धावणार. मनुबाईला दुपारी डोळा लागेनासा झाला.

बोलली ती शेवटी जेवताना. कल्पिता पोरीला भरवत होती. "पोरीला आयकू येत न्हाय," मनुबाई म्हणाली. चटणी वाढावी तसं म्हणाली.

हितेशने घास खाली ठेवला. "आये, कं बोलतंस तू? सगळं कळतंय तिला. त्या रविवारचा व्हिडिओ बघितला नाय? सगळ्या बाटल्या मॅच केल्यान तिने. माझ्या ग्रुपवर टाकलाय मी."

"हातानं केल्यान. कानानं न्हाय."

"तुझ्या डोक्यात भलतंच येतं. टीव्ही कमी बघ."

कल्पिताने पोरीच्या तोंडाशी नेलेला घास परत ताटात टाकला. तिचा चेहरा पिठासारखा झाला. ती उठली, खरकट्या हातानेच शेल्फवरून बाटल्यांची टोपली काढली, आणि पोरीच्या मागे जाऊन गुडघ्यांवर बसली. चिंचोक्यांची बाटली तिने पोरीच्या उजव्या कानामागे धरून हलवली. मग डाव्या. मग राजम्याची. मग बटणांची, जोरात, दोन्ही हातांत दोन, वेड्यासारखी. प्राप्ती समोर बघत, 'अजून भात' म्हणून तोंड उघडून बसली होती. "प्राप्ती," कल्पिता म्हणाली. मग ओरडली. मग तिने बाटल्या खाली ठेवल्या, ठेवताना एक लादीवर आपटली, आणि पोर वळली, आईला पाहून खुश झाली, आणि बाटली उचलून तिने गळ्याच्या खळग्याशी धरली. हितेश जागचा उठून बाल्कनीत गेला आणि पाठ करून उभा राहिला.

नवी मुंबईतल्या दवाखान्यात काचेची खोली होती. पोरीला झोपवून डोक्याला वायरी लावल्या, मग जागी असताना कानांत नळ्या घालून पाहिलं. तपासणारी मुलगी, मृणाल तिचं नाव, हसतमुख होती आणि वाईट बातमी हसून सांगायची नसते हे तिला ठाऊक होतं. पडदा चांगला आहे, ती म्हणाली, आतल्या भागाचं काम बंद आहे, दोन्हीकडे, जन्मापासून. आधी ऐकायची यंत्रं लावू. काही महिने बघू. उपयोग झाला तर ठीक, नाहीतर कानाच्या आत यंत्र बसवायच्या ऑपरेशनचा विचार करू, पण त्यातही एक गोष्ट आहे, मेंदूला आवाजाची ओळख लहानपणीच व्हावी लागते. दार हळूहळू बंद होत जातं. तुम्ही उशिरा आलात. अगदी बंद झालेलं नाही. "इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?" तिने कागदावरून मान वर न करता विचारलं. उत्तर द्यायच्या आधीच ते तिला दिसलं. काचेपलीकडे प्राप्ती कंटाळली होती आणि आजीकडे बघून ओंजळ तोंडाशी नेत होती. आजीचा तळवा उभा राहिला, थांब, मग बोट खाली, गाडीत गेल्यावर. पोर मान हलवून गप्प बसली.

"आजी," मृणाल म्हणाली, "हे तुम्ही शिकवलंत?"

"शिकवलं न्हाय बाय. असंच."

"खूप छान बोलता तुम्ही दोघी." ती खरंच तसं म्हणाली, आणि पुढचं बोलायला तिला जड गेलं. "पण आता हे बंद करावं लागेल. पूर्ण. हातांनी सगळं मिळत असेल तर ती कान कशाला वापरेल? आवाज तिला नुसती कटकट वाटेल. बोलायचं ते तोंडाने. तिने खुणेने काही मागितलं तर द्यायचं नाही, समजलंच नाही असं दाखवायचं. थांबायचं. तिने आवाज काढला, कसलाही, हूं केलं तरी चालेल, की लगेच द्यायचं, जवळ घ्यायचं. कठीण आहे. पहिले काही दिवस रडेल."

परतीला सगळे गाडीत बसले. हितेश चालवत होता. पुलावर आल्यावर कल्पिता खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हातांनी जीभ खाल्ली तिची." कुणाच्या हातांनी ते म्हणाली नाही. मग थोड्या वेळाने, "मी दिवसभर घरात असते तर मला पण कळलं असतं का, कोण जाणे." मनुबाई मागच्या सीटवर होती. पोर तिच्या मांडीवर झोपली होती. मनुबाईने आपले हात बघितले. मिठाने लहानपणीच भेगाळलेले, त्या भेगा कधी भरल्याच नाहीत.

यंत्रं आली, कानामागे बसणारी, गुलाबी. प्राप्तीने पहिल्या दिवशी ती ओढून सोफ्याखाली फेकली. कल्पिताने रंगीत तांदूळ, स्पंज, लेस सगळं उचलून माळ्यावर टाकलं आणि मृणालने सांगितलेला एकच खेळ मांडला. वाटी, चिंचोके, आणि एक पत्र्याचा डबा. पोरीच्या हातात चिंचोका द्यायचा, तो तिने गालाशी धरायचा. आपण तिच्या मागे बसून डबा वाजवायचा. आवाज आला की चिंचोका वाटीत टाकायचा. आधी ढम्म, मग हळू, मग नुसता आपला आवाज, 'आ', 'ई', 'स'. दिवसभर हा खेळ मनुबाईच्या वाट्याला आला, कारण घरात तीच होती. डबा जोरात वाजला की पोर टाकायची, आणि मनुबाईला कळायचं नाही की तिने ऐकलं की लादी ऐकली. म्हणून तिने खाली गोधडी घातली, मग त्यावर गादी. गादीवर बसून वाजवलं की पोर चिंचोका गालाशी धरून बसून राहायची. खूप वेळ बसायची. मग मागे वळून बघायची, आजी आहे ना. चिंचोका उगाचच वाटीत टाकायची आणि आजीचा चेहरा बघायची, बरोबर का? मनुबाईने चेहरासुद्धा दगडाचा करायला शिकून घेतलं.

हातांचं मात्र शिकता येईना. ते वर यायचे. भाजी चिरताना सुरी ठेवून यायचे, देवाला दिवा लावताना यायचे. पोरीने विचारायच्या आत यायचे. मग तिने बसताना ते मांडीखाली दाबून ठेवायला सुरुवात केली. थोड्या वेळाने त्यांना मुंग्या यायच्या, आणि त्या मुंग्यांतही बोटं काहीतरी बोलत असल्यासारखी वळवळायची. प्राप्तीला आधी वाटलं असावं की आजीला दिसत नाही. ती समोर यायची आणि खूण करायची. मग अजून जवळ. मग मोठी, दोन्ही हात खांद्यापासून फेकून, लांबच्या बांधावरच्या माणसाला करावी तशी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लांबच्याला हात मोठा करावा लागतो, हे तिला आपलं आपणच समजलं होतं. आणि मनुबाई हातभर अंतरावर बसून तोंडाने म्हणायची, "पानी पायजे? पानी बोल. पा. पा." पोर तिच्या ओठांकडे बघायची आणि मग लादीवर आडवी पडून टाचा आपटायची. तेवढ्यात कधी घशातून आवाज निघालाच, तर मनुबाई लगेच पाणी पुढे करायची, पण तेव्हा पोरीला पाणी नको असायचं.

एकदा ती चुकली. पोरीला न्हाऊ घालताना यंत्रं बाहेर काढून ठेवावी लागत. मोरीचं दार बंद होतं, बादलीत कोमट पाणी होतं, पोरीच्या डोळ्यांत साबण गेला, आणि मनुबाईचे ओले हात सुटले. थांब. झालं. संपलं. पोर दचकली. मग तिच्या तोंडावर जे आलं ते मनुबाईने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. परगावी गेलेलं माणूस फाटकातून आत आल्यावर घरातलं कुत्रं जसं होतं तशी ती झाली. तिने एका दमात काय काय सांगितलं. आईने खेळ वर टाकला. कानात टोचतं. तू कुठे गेली होतीस. ही शेवटची खूण आगरातली नव्हती, पोरीने तिथल्या तिथे केली होती, आजीकडे बोट आणि मग रिकामा तळवा. मनुबाईने उत्तर दिलं. पाणी थंड होईपर्यंत दोघी बोलल्या. त्यानंतर प्राप्ती दिवसातून कितीदा तरी आजीचा पदर धरून तिला मोरीकडे ओढू लागली, आणि सुट्टीच्या दिवशी कल्पिताने ते पाहिलं. तिला सगळं समजलं. ती ओरडली नाही. भांडी लावता लावता म्हणाली, "आई, असं करून तुम्ही तिच्या लाडक्या व्हाल, आणि ती जन्मभर मुकी राहील. महिनाअखेरीस मृणाल मॅडम ठरवणार आहेत, ऑपरेशन करायचं की नाही. ती आवाज वापरू शकते एवढं तरी त्यांना दिसायला हवं, एक आवाज तिने स्वतःहून काढला पाहिजे. मागण्यासाठी. रडण्याचा नाही. एक." हातातली पुसलेली ताटली तिने पुन्हा पुसली. "मला दुसरं काही नको."

"व्हय," मनुबाई म्हणाली.

त्यानंतर ती चुकली नाही. पोर मोरीच्या दाराशी ओढायची, ती ओढली जायची नाही. न्हाऊ घालताना दोन्ही हात पोरीच्या केसांत गुंतवून ठेवायची. दिवस असे सरकत होते, आणि हळूहळू मनुबाईच्या लक्षात आलं की पोर आता कमी मागते. तहान लागली की स्वतः स्टूल ओढून माठाशी जाते. भूक लागली तर फ्रिजसमोर उभी राहते. खुणा मोठ्या व्हायच्या बंद झाल्या, मग लहानही. कल्पिताला वाटलं, सुधारतेय, हात सुटत चाललेत. हात सुटत होते हे खरं होतं. त्यांच्या जागी काय येतंय ते बघायला मनुबाई दिवसभर पोरीच्या तोंडाकडे बघत होती.

महिनाअखेर आली तेव्हाची दुपार होती. प्राप्ती झोपून उठली. अंग जरा तापलं होतं, गाल लाल होते. मनुबाईने तिच्या कानांत यंत्रं बसवली, दिवा लागलाय ना ते पाहिलं, आणि समोर भिंतीला टेकून बसली. बाल्कनीचं दार बंद होतं. पोर गादीवर बसून डोळे चोळत होती. मग तिने मान वर केली आणि किती दिवसांनी दोन्ही हात छातीशी ओढले. ये.

मनुबाईचे हात मांडीखाली गेले. "कं गो बाय?" ती म्हणाली. "मांडीवर येतंस? बोल. आ बोल. नुसतं आ."

ये. पोरीने पुन्हा केलं, आळसावलेलं, तापातलं. छातीशी नेलेले हात तिथेच राहिले.

"आ," मनुबाई म्हणाली. तिने तोंड मोठं उघडलं, गळ्यातून आवाज काढला, "आ. आ. आजी. एकदाच बोल गो माझे आये, एकदाच, मंग मी घेते." मांडीखाली बोटं तळव्यात रुतली होती. पोरीचे डोळे तिच्या ओठांवर होते, मग हातांच्या जागी आले, जिथे आता नुसतं लुगडं होतं. ती तिथे बराच वेळ बघत राहिली. काहीतरी समजल्यासारखी तिची आठी सुटली. ती नीट मांडी घालून बसली, आजीसारखी पाठ ताठ केली, आणि आपले दोन्ही हात एकेक करून स्वतःच्या मांडीखाली सरकवले. मग तिने तोंड उघडलं. मोठं उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ओठ अगदी आजीच्या ओठांसारखे हलत होते, आ, आ, आजी, एकेक वळण जिथल्या तिथे, आणि त्यातून काहीच बाहेर येत नव्हतं, श्वाससुद्धा नाही. सगळं करून झाल्यावर ती थांबली, आणि आता बरोबर केलं म्हणून आजी कधी उठून येते त्याची वाट बघत बसली.